ड्युअल ४ ओहमचा सब, अ‍ॅम्पवर लिहिलंय ब्रिजला ४ ओहम, दुकानदाराने २ ओहमवर जोडून दिलाय. चालेल का?

कराडकर_स्विफ्ट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, काही सांगायचं राहिलं तर विचारा. गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंड हँड. मी चाकणला कामाला आणि घर कराडला, दर पंधरा दिवसांनी जाणं-येणं असतं त्यामुळे गाडीत गाणी नीट वाजावीत एवढी एक हौस आहे. मित्राचा जुना ४ चॅनलचा अ‍ॅम्प घेतला, १२ इंची सब (बासचा मोठा स्पीकर) नवीन घेतला, बॉक्स दुकानात तयारच मिळाला.

अ‍ॅम्पच्या खाली जे छापलंय ते जसंच्या तसं लिहितो. ४ ओहमला ७५ वॉट गुणिले ४, २ ओहमला १०० वॉट गुणिले ४, ब्रिज केला तर ४ ओहमला २०० वॉट गुणिले २. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात १००० वॉट असंही आहे. सबच्या मॅग्नेटवर स्टिकर आहे, ड्युअल व्हॉइस कॉइल, ४ अधिक ४ ओहम (म्हणजे एकाच सबमध्ये दोन कॉइल), आरएमएस (सलग झेपणारी पावर) ३०० वॉट.

दुकानदाराने पुढच्या दरवाज्यातले दोन स्पीकर १ आणि २ नंबरच्या चॅनलला दिले आणि ३-४ ब्रिज करून त्यावर सब दिला. सबच्या दोन्ही कॉइल एकत्र जोडल्यात, लाल-लाल एकत्र, काळी-काळी एकत्र. म्हणाला "२ ओहम केलं की पावर डबल निघते, बिनधास्त वाजवा". वाजला पण खरंच जोरात. पण पुण्यातून बाहेर पडून खेड शिवापूरच्या टोलपर्यंत आलो की अ‍ॅम्पचा लाल दिवा लागतो आणि सगळं बंद, हात लावला तर चटका बसतो. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. गेल्या खेपेला कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर जळका वास आला, मागच्या सीटवर आई बसली होती, तिला आधी आला. तेव्हापासून अ‍ॅम्पची रिमोट वायर (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी) काढून ठेवलीय आणि गाडी मुकीच आहे.

परत गेलो तर दुकानदार म्हणतो हा अ‍ॅम्प कमजोर आहे, नवीन घ्या. कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडून ८ ओहम केलं तर चालेल का विचारलं तर म्हणाला ८ ओहमवर आवाजच येणार नाही. खरं काय आहे? पैसे आत्ताच सबला गेलेत त्यामुळे नवीन अ‍ॅम्प लगेच जमणार नाही.

बेसबिन_सांगली

भावा रिमोट वायर काढलीस ते एकदम बरोबर केलंस. २ ओहमवर परत जोडू नको.

मी साऊंडच्या लाईनमध्ये आहे, वराती, गणपती, गावच्या यात्रा. आमचे १८ इंची बास ८ ओहमचे असतात. एका चॅनलवर दोन जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम. जितके स्पीकर पॅरलल (लालला लाल, काळीला काळी) वाढवाल तितका ओहम खाली जातो आणि अ‍ॅम्पवर लोड वाढतो. नवीन पोरगं कामाला आलं की पहिले हेच शिकवतो, अ‍ॅम्प कुठपर्यंत खाली उतरतो ते आधी वाच आणि मग बास मोज. गाडीतलं गणित काही वेगळं नाहीये.

आता तुझ्या अ‍ॅम्पचं. ब्रिज म्हणजे दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन बाजूंनी धरतात, एक ढकलतो त्याच वेळी दुसरा ओढतो. त्यामुळे प्रत्येक चॅनलच्या वाट्याला त्या स्पीकरचा अर्धाच ओहम येतो. ४ ओहमचा सब ब्रिजला लावला तर प्रत्येक चॅनलला २ ओहम दिसतो. तूच लिहिलेले आकडे बघ की, २ ओहमला १०० वॉट, असे दोन चॅनल म्हणजे २००, आणि ब्रिज ४ ओहमला पण २००. बरोब्बर जुळतंय ना. तुझ्या दुकानदाराने २ ओहम ब्रिजला लावला म्हणजे प्रत्येक चॅनलला १ ओहम. १ ओहमचा आकडा कंपनीने कुठेच छापलेला नाही कारण तो अ‍ॅम्प त्यासाठी बनवलेलाच नाही. कमजोर वगैरे काही नाही, त्याच्यावर दुप्पट ओझं टाकलंय. तापल्यावर स्वतःहून बंद झाला म्हणजे त्याचं प्रोटेक्शन अजून जिवंत आहे, ही चांगली गोष्ट समज.

ते १००० वॉट विसर. आरएमएसवर बोलायचं फक्त.

नागपूरवाला_७७

मी असहमत. माझ्याकडे अशीच जोडणी आहे, ब्रिजवर २ ओहम, अ‍ॅम्पवर ४ लिहिलंय, दोन वर्षं झाली एकदा पण बंद पडला नाही. कंपन्या सेफ साईडला राहून लिहितात. गेन (अ‍ॅम्पवरचा सिग्नल कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडा कमी ठेवायचा आणि छोटा कॉम्प्युटरचा पंखा लावायचा, झालं काम. लोक उगाच घाबरवतात.

पॉलिटेक्निक_ताई

नागपूरवाला दादा, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तुमचा अ‍ॅम्प का टिकला ते समजून घ्या म्हणजे दुसऱ्याला सल्ला देताना उपयोगी पडेल. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

स्पीकरचा ओहम हा एकच ठरलेला आकडा नसतो. ४ ओहम हे नुसतं ओळखीचं नाव. प्रत्यक्षात फ्रीक्वेन्सी बदलली की इम्पीडन्स (सिग्नलच्या करंटला होणारा अडथळा) बदलतो, बॉक्समध्ये बसवलेल्या सबचा रेझोनन्स जिथे असतो तिथे तो २०-३० ओहमपर्यंत पण चढतो, आणि काही ठिकाणी खाली कॉइलच्या डीसी रेझिस्टन्सच्या जवळ येतो. शिवाय गाणं म्हणजे सलग सूर नाही, ठोका येतो, मध्ये जागा असते, त्या जागेत अ‍ॅम्प श्वास घेतो. गेन कमी ठेवून भावगीतं किंवा जुनी हिंदी गाणी ऐकणाऱ्याचा अ‍ॅम्प म्हणूनच २ ओहमवरही वर्षानुवर्षं टिकू शकतो. पण तोच अ‍ॅम्प सलग बास असलेल्या गाण्यावर, मे महिन्यात उन्हात तापलेल्या डिकीत, आवाज वर करून तासभर चालवला की हिशोब बदलतो. तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. पंखा हीटसिंक गार करतो, पण ट्रान्झिस्टरमधून जाणारा करंट कमी करत नाही.

करंटचं गणित बघा. २०० वॉट ४ ओहमवर म्हणजे साधारण २८ व्होल्ट आणि ७ अँपिअर. तेच २८ व्होल्ट २ ओहमवर टाकले तर १४ अँपिअर. दुकानदार "पावर डबल" म्हणतो ती ही. कागदावर ४०० वॉट होतात, पण त्यासाठी अ‍ॅम्पच्या आतला सप्लाय आणि आउटपुट ट्रान्झिस्टर दुप्पट करंट द्यायला सक्षम लागतात. इथे ते नाहीत हे छापील आकड्यांवरूनच कळतं. ४ ओहमचे ७५ वॉट २ ओहमला १५० व्हायला हवे होते, झाले १०० च. म्हणजे तिथेच सप्लाय खाली बसायला लागलाय, त्याच्याही खाली नेलं तर उष्णताच जास्त मिळणार.

आणि मला खरी भीती अ‍ॅम्प जळण्याची नाहीये. आउटपुट ट्रान्झिस्टर जेव्हा जातो तेव्हा बऱ्याचदा शॉर्ट होऊन जातो. मग सबच्या कॉइलला गाण्याऐवजी सरळ डीसी मिळतो, कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) एका बाजूला जाऊन तिथेच थांबतो, कॉइल हलत नाही म्हणजे हवा मिळत नाही, आणि ती लाल होईपर्यंत तापते. बंद लाकडी बॉक्समध्ये, आत पॉलिस्टरचा कापूस, बाहेर कार्पेट, आणि मागच्या सीटवर माणसं. कराडकर दादांच्या आईंना जो वास आला तो कुठून आला हे आधी शोधा, अ‍ॅम्पमधून की सबमधून. सब बॉक्समधून काढून कॉइलजवळ वास घ्या. आणि मीटर असेल तर मोजा, नसेल तर तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही.

मोजताना सबच्या वायरी अ‍ॅम्पपासून पूर्ण सोडवा, मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय आकडा येतो तो लिहून घ्या, तो नंतर प्रत्येक मापातून वजा करायचा. कमी ओहम मोजताना हे वजा करायचं विसरायची चूक सगळे करतात. ४ ओहमची धडधाकट कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, ४ पूर्ण दाखवणार नाही, त्याने घाबरू नका.

कराडकर_स्विफ्ट

ताई, दादा खूप आभार. आज दुपारी शिफ्ट सुटल्यावर मीटर आणला आणि मोजलं.

प्रोब एकमेकांना टेकवल्यावर ०.४. बॉक्सच्या बाहेरच्या टर्मिनलवर २.२ म्हणजे १.८ धरायचं ना. मग सब बाहेर काढला, दोन्ही कॉइल वेगळ्या केल्या. पहिली ३.९ म्हणजे ३.५, दुसरी ४.० म्हणजे ३.६. कोन हाताने हळूच दाबून बघितला, घासल्याचा आवाज नाही. कॉइलला वास अजिबात नाही. अ‍ॅम्पच्या जाळीजवळ नाक नेलं तर तिथे थोडा वास आहे, आणि अजून एक सांगायचं राहिलं, बॅटरीकडून येणारी लाल वायर अ‍ॅम्पला जिथे लागते तिथलं प्लास्टिक थोडं मऊ पडून वाकलंय. हे कशामुळे?

बेसबिन_सांगली

१.८ म्हणजे पॅरललच, शंका नाही. सब वाचला, अभिनंदन.

आता ८ ओहमवर आवाजच येणार नाही हे जे दुकानदार बोलला त्यावर. कॉइल सिरीज कर. अ‍ॅम्पच्या ब्रिजचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस अ‍ॅम्पच्या ब्रिजच्या मायनसला. ब्रिजचे दोन स्क्रू कुठले ते अ‍ॅम्पवर रेष मारून दाखवलेलं असतं, बहुतेक ३ चा प्लस आणि ४ चा मायनस, पण तुझ्यावर काय छापलंय तेच बघ. जोडल्यावर मीटर लाव, ७ च्या आसपास आलं पाहिजे.

आता प्रत्येक चॅनलला ४ ओहम दिसणार, म्हणजे ७५ अधिक ७५, १५० वॉट. म्हणजे दोन चॅनलला एक-एक कॉइल वेगवेगळी दिली असती तरी तेवढेच १५० मिळाले असते, काही फरक नाही, फक्त त्यात दोन्ही चॅनलला सारखाच सिग्नल आणि सारखाच गेन ठेवावा लागतो त्यामुळे ब्रिज आणि सिरीज सोपं पडतं.

अ‍ॅम्प सुरक्षितपणे जास्तीत जास्त २०० देऊ शकतो तेही ४ ओहमचा सब असता तर. १५० आणि २०० मध्ये कानाला सव्वा डेसिबलचा फरक. सव्वा. डोळे मिटून दोन्ही ऐकवले तर दहातल्या दोघांना सांगता येईल की नाही शंका आहे. बासचा आवाज बॉक्स ठरवतो रे बाबा, वॉट नंतर. तयार बॉक्स घेतलास ना, त्याच्या कोपऱ्यांवर हात फिरव, गाणं चालू असताना कुठून हवा फुसफुसते का बघ. सांध्यातून हवा लीक होत असेल तर आतून सिलिकॉन मार, शंभर-दीडशे रुपयात ५० वॉट वाढवल्यापेक्षा जास्त फरक पडेल. नवीन अ‍ॅम्पचं आत्ता डोक्यातून काढ.

एक चूक मात्र करू नको, एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायची. ४ ओहम होतो म्हणून बरेच जण करतात. सबची ताकद निम्मी होते आणि सगळा भार एका कॉइलवर येतो.

वायरमनकाका_मिरज

मुला, सगळेजण ओहमबद्दल बोलले, बरोबर बोलले. पण तू शेवटी जे लिहिलंस ना, लाल वायरचं प्लास्टिक मऊ पडलं, ते वाचून मी चष्मा लावून परत पहिल्यापासून वाचलं. मला दोन गोष्टी सांग. वायर किती जाडीची आहे आणि बॉनेट उघडून बघ, बॅटरीच्या प्लसपासून निघाल्यावर फ्यूज आहे का?

मी आयटीआयचा वायरमन, गाड्यांचं वायरिंग तीस वर्षं केलं. आमच्याकडे एक गाडी आली होती, पायाखालचं कार्पेट जळालेलं. अ‍ॅम्पची वायर दरवाज्याच्या उंबऱ्याखालून नेली होती, पट्टीच्या स्क्रूने ती सोलली गेली आणि बॉडीला टेकली. अ‍ॅम्पमध्ये फ्यूज होता, तो शाबूत. का? कारण करंट अ‍ॅम्पपर्यंत पोचलाच नाही, बॅटरीतून निघाला आणि वाटेतच बॉडीत शिरला. वायर पेटली, फ्यूज तसाच. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो, वायरसाठी नाही. वायरचा फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे, हातभर अंतरात, म्हणजे दीड फुटाच्या आत. गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच असते म्हणून लोक तिला हलकं समजतात. शॉर्टमध्ये ती शेकड्याने अँपिअर फेकते, पाना तिच्या दोन टोकांवर पडला तर वेल्डिंग होतं, मी डोळ्याने बघितलंय. सुदैवाने त्या गाडीत त्या वेळी कुणी नव्हतं.

बघून सांग. तोवर बॅटरीकडची ती वायर सोडवून टोकाला टेप मारून ठेव.

कराडकर_स्विफ्ट

काका, बघितलं. फ्यूज नाहीये. बॅटरीच्या क्लॅम्पला वायर सरळ कसलीय, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जिथे आत येते तिथे रबरसुद्धा नाही, पत्र्याच्या भोकातून तशीच घातलीय. वायरवर ८ गेज लिहिलंय पण आतला तार हातात बारीक वाटतो. सोडवली आणि टेप मारली.

खरं सांगू का, हे वाचून झोप नाही लागली. दीड महिना आई-बाबांना घेऊन फिरलोय या गाडीत.

वायरमनकाका_मिरज

आता सोडवलीस ना, मग आता भीती नाही. नीट करून घेऊ.

आधी त्या तारेचं टोक ब्लेडने खरवड. वरून लालसर आणि आतून पांढरट चांदीसारखा निघाला तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा दिलेला. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या जवळपास दीडपट असतो, आणि स्वस्तातल्या किटमध्ये प्लास्टिक जाड ठेवून आत तार कमी भरतात. म्हणून ते टर्मिनलजवळ तापलं.

तुझ्या अ‍ॅम्पवर फ्यूज कितीचे आहेत? अशा ४ चॅनलला बहुतेक २५ चे दोन असतात म्हणजे ५० अँपिअर. तसं असेल तर पूर्ण तांब्याची ८ गेज म्हणजे साधारण ८ स्क्वेअर एमएम, बॅटरीजवळ ५० चा फ्यूज होल्डरसकट. मुलाम्याचीच घ्यायची असेल तर ४ गेज घे, पण मी म्हणेन तांब्याचीच घे. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मल्टीस्ट्रँड केबल स्क्वेअर एमएमवर मिळते, १० ची घेतलीस तर अजून उत्तम. दुकानदाराने मोठा फ्यूज दिला "म्हणजे उडणार नाही" म्हणून तर घेऊ नको. फ्यूज वायरपेक्षा आधी उडायलाच पाहिजे, त्याचं कामच ते.

फायरवॉलच्या भोकात रबर ग्रोमेट, बॉनेटमध्ये वायरवर कंड्युट पाइप. आत नेताना पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (डेककडून येणारी सिग्नलची वायर, डेक म्हणजे गाडीतला म्युझिक प्लेअर) दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनची शिट्टी ऐकू येते. अर्थची वायर पॉवरएवढीच जाड आणि होईल तेवढी छोटी, डिकीत पत्र्यावर रंग खरवडून चकाकी आणायची, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर, वर थोडं ग्रीस. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नको, कितीही सोपं वाटलं तरी. आणि पत्र्याला ड्रिल मारायच्या आधी गाडीच्या खाली वाकून बघ, पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठून गेलेत ते.

ब्रिज केलेल्या सबच्या दोन्ही वायरी जिवंत असतात हे पण लक्षात ठेव. त्यातली काळी म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला लागता कामा नये.

सीएनजी_वॅगनआर

मध्येच विचारतोय, माफ करा. माझी कंपनी फिटेड सीएनजी आहे, डिकीत टाकी असल्यामुळे बॉक्सला जागा नाही. सीटखाली बसणारा ८ इंची चपटा सब घ्यायचा विचार आहे, त्याला पण हे ओहमचं गणित लागतं का?

बेसबिन_सांगली

त्यात अ‍ॅम्प आतच असतो, कंपनीने जुळवूनच दिलेला असतो, ओहमचा प्रश्न येत नाही. फ्यूज आणि वायरचं काकांनी सांगितलेलं मात्र तुलाही तसंच लागू.

वायरमनकाका_मिरज

सीएनजीवाल्यांनी जास्तच जपायचं. टाकीच्या पट्ट्यांना, ब्रॅकेटला अर्थ द्यायचा नाही, टाकीजवळून पॉवरची वायर न्यायची नाही, आणि गॅसची नळी गाडीच्या खालून पुढे इंजिनपर्यंत जाते त्यामुळे फ्लोअरला स्वतः ड्रिल मारूच नका. सीटखालच्या सबला वेल्क्रो किंवा सीटच्याच ब्रॅकेटला पट्टा पुरतो.

नागपूरवाला_७७

ताई तुमचं वाचून मी पण आज मीटर लावला. माझ्या बॉक्सवर १.७ आला, म्हणजे मी पण त्यातच. आणि फ्यूज बघितला, आहे बॅटरीजवळ, पण अ‍ॅम्पवर ४० चा आणि बॅटरीजवळ ८० चा. माझ्या सबच्या पण दोन कॉइल आहेत, ४-४ च्या, उद्याच सिरीज करतो. वर जे लिहिलं होतं ते मागे घेतो, कुणी वाचून तसं करू नका. एक विचारायचं होतं, सिरीज केल्यावर गेन कुठे ठेवायचा? आधी अंदाजानेच ठेवला होता.

पॉलिटेक्निक_ताई

दादा, तुम्ही मोजून बघितलंत हेच फार मोलाचं. ८० चा फ्यूज वायरच्या जाडीला झेपतो का ते आधी बघा, नाहीतर ४०-५० चा घाला.

गेनचं सांगते, कराडकर दादांच्या आकड्यांवर, तुम्ही तुमचे घाला. गेन म्हणजे आवाजाचं बटन नव्हे, डेकमधून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांची सांगड घालायचा स्क्रू आहे. जास्त उघडला की अ‍ॅम्प क्लिप होतो, लाटेचं डोकं कापलं जातं, आणि तशा सिग्नलवर कॉइल विनाकारण तापते. वॉट गुणिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. १५० गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६. एवढे व्होल्ट आउटपुटवर यायला हवेत, जास्त नाही.

आता सब सोडवा, सोडवायलाच हवा नाहीतर घर हलेल आणि सबही जाईल. डेकवर बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर, अ‍ॅम्पवरचा बास बूस्ट बंद, गेन अगदी खाली. ५० हर्ट्झचा टोन फोनवर उतरवून पेन ड्राइव्हवर घाला, डेकचा आवाज तुम्ही जास्तीत जास्त जिथे नेता तिथे, म्हणजे पाऊण भागावर. मीटर एसी व्होल्टवर लावून ब्रिजच्या दोन टर्मिनलवर धरा आणि गेन सावकाश वाढवत ३४ च्या आसपास थांबा. इंजिन चालू ठेवून करा, पण गाडी मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नको. तिथे गेनवर छोटी खूण करून ठेवा. लो पास (फक्त खालचे सूर सबला जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला लावला की दरवाज्याच्या स्पीकरशी बहुतेक वेळा छान जुळतं.

आणि सिरीज जोडल्यावर दोन्ही कॉइलची दिशा एकच आहे ना ते तपासा. साधा दीड व्होल्टचा सेल घ्या, क्षणभर टेकवा. सेलचा प्लस सबच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एक कॉइल उलटी लागली असेल तर दोघी एकमेकींना अडवतात, कोन हलतच नाही आणि सगळी पावर उष्णतेत जाते. मीटरवर मात्र ओहम बरोबरच दिसतो, म्हणून सेलची चाचणी मुद्दाम सांगते.

कराडकर_स्विफ्ट

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय कारण सगळं करून, गावी जाऊन परत आल्यावरच सांगायचं ठरवलं होतं.

वायर खरवडली, काका म्हणाले तसंच, आतून पांढरी. पूर्ण काढून टाकली. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची पाच मीटर घेतली आणि अर्थसाठी अर्धा मीटर. बॅटरीपासून एक वीतभर अंतरावर ५० चा फ्यूज. अ‍ॅम्पवर २५ चे दोनच निघाले. फायरवॉलला रबर ग्रोमेट बसवला. जुन्या वायरवर बॅटरीला १४.१ व्होल्ट असताना अ‍ॅम्पवर जोरात वाजवताना १२.९ येत होते, काढायच्या आधी थोडा वेळ पाच मिनिटं लावून मोजलं होतं, जवळ उभं राहून. आता तेवढ्याच आवाजाला १३.७.

कॉइल सिरीज केल्या, मीटरवर ७.५, वजा ०.४ म्हणजे ७.१. सेल लावून बघितला, पहिल्यांदा कोन हललाच नाही ताई! दुसऱ्या कॉइलचं टर्मिनल मी उलटं धरलं होतं. तुम्ही लिहिलं नसतं तर तसंच लावून दिलं असतं, कारण मीटर बरोबर दाखवत होता. बदलल्यावर कोन व्यवस्थित बाहेर आला. गेन ३४ व्होल्टवर ठेवला, आधी जिथे होता त्याच्या निम्म्याच्या पण खाली आला. बॉक्सच्या मागच्या खालच्या सांध्यातून हवा येत होती, सिलिकॉन मारून एक दिवस वाळवला. अ‍ॅम्प आधी बॉक्सच्या पाठीवरच स्क्रूने मारलेला होता, तो काढून मागच्या सीटच्या पाठीवर पातळ प्लाय लावून त्यावर बसवला, दोन्ही बाजूंनी बोटभर मोकळी हवा.

शनिवारी संध्याकाळी निघालो. खेड शिवापूर गेलं, खंबाटकी गेला, साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा डिकी उघडून अ‍ॅम्पवर हात ठेवला, कोमट. फ्यूजच्या होल्डरला पण हात लावून बघितला, गार. कराडपर्यंत एकदाही लाल दिवा नाही. आवाज आधीपेक्षा कणभर कमी असेल पण बास आता स्वच्छ आहे, आधी नुसता घुमत होता, आता ढोलकीची थाप आणि बास गिटार वेगळं ऐकू येतं. आई मागेच बसली होती, उंब्रजच्या पुढे झोपून गेली.

एकच शंका राहिली. पुढच्या वर्षी बोनसवर २ ओहम चालणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प) घेतला तर हाच सब तेव्हा परत पॅरलल करायचा का, आणि वायर हीच चालेल का?

बेसबिन_सांगली

हो, मोनोब्लॉकवर २ ओहमला ३०० च्या आसपास आरएमएस छापलेलं असेल तर तेव्हा पॅरलल, आणि तेव्हा ते अगदी योग्य होईल. मोनोब्लॉकला प्लस-मायनसचे दोन-दोन जोड दिसतील पण ते आतून एकच असतात, त्यामुळे ब्रिजचा अर्धा ओहमवाला हिशोब तिथे लावू नको, छापलेला मिनिमम ओहम सरळ धर.

वायरमनकाका_मिरज

वायरचं, दोन अ‍ॅम्प ठेवणार असशील तर दोघांच्या फ्यूजची बेरीज कर. ६० च्या पुढे गेलास तर तांब्याची ४ गेज, म्हणजे २१ स्क्वेअर एमएमच्या आसपास, आणि फ्यूज त्या बेरजेएवढा, पण वायरला झेपतो त्यापेक्षा मोठा नाही. अल्टरनेटरवर किती अँपिअर लिहिलंय तेही त्या वेळी बघून ठेव, रात्री हेडलाइट, एसी आणि वायपर सगळं एकदम चालू असताना त्यातून अ‍ॅम्पला काय उरतं ते मोजूनच अ‍ॅम्प घे. घ्यायच्या आधी इथे आकडे टाक, मी बघतो.